पदर धरायला कुणीतरी

"दादा, गोळी आधी का अंगारा आधी?" एवढंच त्या मावशींनी विचारलं होतं. बाजाराचा दिवस, काउंटरवर ही गर्दी. एकाला खोकल्याची बाटली हवी, एकाला गुडघ्याला चोळायचं मलम, मागून एक जण "माझं आधी द्या, गाडी सुटायलीय" म्हणून ओरडतोय. मावशींनी पदराची गाठ सोडली. आत चार घड्या घातलेली चिठ्ठी, शंभराच्या दोन नोटा आणि वहीच्या रेघांच्या कागदात बांधलेली अंगाऱ्याची पुडी. पुडी जरा सुटली होती, नोटा राखाडी झाल्या होत्या, तोच अंगारा माझ्या बोटांना लागला. चिठ्ठीवर रिस्पेरिडोन आणि जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल. म्हणजे घरात कुणाला तरी आवाज ऐकू येतात, कुणाचा तरी संशय येतो, आणि त्या गोळीनं हातपाय ताठू नयेत म्हणून ही दुसरी. इतकी वर्षं कळंबला मेडिकल चालवल्यावर चिठ्ठी वाचली की घर दिसतं. वाचता न येणाऱ्यांसाठी आम्ही सकाळच्या गोळीच्या पाकिटावर सूर्य काढतो आणि रात्रीच्या पाकिटावर चांदणी. मी चांदणी काढली आणि म्हणालो, "जेवल्यावर." त्यांनी मान हलवली. "म्हंजे अंगारा लावायचा, चार घास चारायचे, मग गोळी." क्रम त्यांनी घरूनच लावून आणला होता, माझ्याकडून फक्त होकार हवा होता. मग सुटे पैसे मोजता मोजता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मला बी एक द्या की झोपायची. त्यो झोपतुय आता. म्याच जागी असते."

झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही. अल्प्राझोलाम द्यायची तर डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या, सगळं वेगळ्या रजिस्टरात उतरवायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. मी तसं सांगितलं. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणून त्या गर्दीतून वाट काढत गेल्या. गोळी आणि अंगाऱ्याचा प्रश्न मी पुढं बऱ्याच जणांना गंमत म्हणून सांगितला. डॉक्टर हसले, शेजारचा कापडवाला हसला. झोपेच्या गोळीचं मात्र कुणालाच सांगावंसं वाटलं नाही. तेच टोचत राहिलं, आणि का टोचतंय याचा माग काढत गेलो तर थेट आमच्या जुन्या घरातल्या ओसरीवर जाऊन पोचलो.

आमच्या थोरल्या काकूच्या अंगात यायचं. येडाई देवीचं. आमचं गाव येरमाळ्यापासून फार लांब नाही, त्यामुळं चैत्री पुनवेची यात्रा, चुन्याच्या रानात खडे वेचणारी माणसं, आमराईतली पालखी हे सगळं घरचंच. काकूकडं देवीच्या जोगव्याची परडी होती. नवरात्रात आराध्यांचा मेळा आमच्या ओसरीवर बसायचा. संबळ तापवून घ्यायचे, तुणतुणं लावायचे, झांजा सुरू व्हायच्या आणि काकूला आधी जांभया यायच्या. एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लहानपणी मला देवीपेक्षा त्या जांभयांचीच जास्त भीती वाटायची, कारण त्यानंतर जे होणार ते थांबवता येत नाही हे कळायचं. मग डाव्या पायाचा अंगठा हलायला लागायचा, मग मांडी, मग अंबाडा सुटून केस तोंडावर, आणि श्वास असा चालायचा की ओसरीतल्या सगळ्यांचा श्वास नकळत तिच्यामागं जायचा. तेलाच्या पोताचा वास, कापराचा वास, हळदीचा भंडारा, बायकांच्या अंगाचा घाम. कुणीतरी "आई राजा उदो उदो" म्हणायचं आणि काकू घुमायला लागायची.

आई तोवर तिच्या कामाला लागलेली असायची. समई उचलून कोनाड्यात ठेवायची. जात्याचा खुंटा काढून बाजूला. काकूच्या बांगड्या कोपराकडं सरकवून वरून फडकं बांधायची, काच फुटून मनगटात जाऊ नये म्हणून. पदर खांद्यावर पिनेनं टाचायचा आणि त्याचं टोक स्वतःच्या मुठीत धरून मागं बसायचं. तांब्या हाताशी. सगळ्यांची नजर काकूच्या तोंडाकडं, आईची मात्र तिच्या पायांकडं, कारण तोल जातो तो पायातून जातो. काकू एकीकडं झुकली की आई पदर हलकाच ओढायची, इतका हलका की बघणाऱ्याला वाटावं देवीच सावरली. देवी बोलायची ते ऐकायला आबा, म्हणजे काकूचे आणि आईचे सासरे, हात जोडून उभे असायचे. एरवी ज्या सुनेला ते नावानंही हाक मारत नसत, तिच्या तोंडून "माझ्या लेकराला उपाशी ठिवतूस व्हय रं" ऐकून टोपी काढायचे. दुसऱ्या दिवशी काकूच्या ताटात दूध यायचं.

मग देवी जायची. अंगारा लावला, तोंडावर पाणी मारलं की काकू ढासळायची आणि एकदम बारीक आवाजात पाणी मागायची. तांब्या तोंडाला लावून झाला की तिचा ठरलेला प्रश्न: "काय बोलले गं म्या?" आणि आईचं उत्तर दर वेळी वेगळं. "काही न्हाई, ज्वारी लवकर काढा म्हणली आई." "धाकल्या लेकराची दृष्ट काढा म्हणली." आबांना काय काय सुनावलं ते आईनं तिला कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. उद्या सकाळी काकूला त्याच सासऱ्यासमोर चहाचा कप घेऊन जायचं होतं. इतकं सगळं ऐकलेलं पोटात ठेवून, त्यातलं किती परत द्यायचं हे ठरवणारी बाई ओसरीवर एकच होती, आणि तिला कधी कुणी हार घातला नाही. मी एकदा विचारलं होतं, तुझ्या अंगात का येत नाही? "मला कवा येणार? मला भाकरी टाकायच्या असत्यात."

पुढं शिकायला गेल्यावर या सगळ्याला काय काय म्हणतात ते वाचनात आलं, आणि काही काळ मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं. जोरजोरानं श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात. त्यात नवरात्राचा उपास, जागरण, एकसुरी ठेका आणि सगळ्यांची अपेक्षा. बाली बेटावर देवळातल्या विधीत अंगात आलेल्या माणसांचं रक्त तपासणारा एक जपानी अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. नॉरअॅड्रेनालिन, डोपामिन, बीटा-एंडॉर्फिन ही सगळी द्रव्यं त्या वेळी वाढलेली होती. म्हणजे काकूला घुमून झाल्यावर दोन दिवस कंबर दुखायची नाही, ते खोटं नसावं. आय. एम. लुईस नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये मांडलं की ज्यांना बोलायला जागा नसते, विशेषतः बायकांना, त्यांच्या तोंडून असं दैवत बोलतं. दुधाच्या ताटावरून मला ते पटलंच होतं. विल्यम जेम्सनं तर १९०२ मध्येच लिहून ठेवलं होतं की आपली रोजची जागी शुद्ध ही शुद्धीच्या अनेक तऱ्हांपैकी एक. बाकीच्या तऱ्हा अगदी पातळ पडद्यापलीकडं आहेत, आणि त्यांना वगळून जगाचा हिशेब पुरा होत नाही. ही सगळी माणसं बरोबर असतील. पण घुमणं संपल्यावर काकूच्या तोंडावर जे यायचं, ते मी यांतल्या कुठल्याच खणात बसवू शकलो नाही. ते दुधासाठी नव्हतं. ती रडायची आणि रडताना हसायची, आणि कुणाला ते समजावून सांगायला जायची नाही.

एक गोष्ट मात्र वाचताना मी पेन्सिलीनं खूण करून ठेवली. प्रागहून अमेरिकेत गेलेले स्टॅनिस्लाव्ह ग्रॉफ हे मानसोपचारतज्ज्ञ एलएसडी या भास घडवणाऱ्या द्रव्यावर संशोधन करत. त्यावर बंदी आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी ख्रिस्तिना यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात औषधाशिवायची एक पद्धत बसवली. खोल आणि भरभर श्वास, मोठ्यानं वाजणारं ठेक्याचं संगीत, डोळे मिटलेले. वाचताना मला हसूच आलं. संबळ आणि तुणतुणं तेवढं राहिलं म्हटलं. पण त्यांच्या पद्धतीत माणसं जोडीजोडीनं बसवतात. एक जण आत जातो, दुसरा शेजारी शुद्धीवर बसतो. पाणी देणं, भिंतीवर डोकं आपटू न देणं, आणि मधे न बोलणं हे त्याचं काम. २००६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सायलोसायबिनचा, म्हणजे काही भूछत्रांत असणाऱ्या द्रव्याचा, गाजलेला प्रयोग झाला, त्यातही हेच. पलंग, डोळ्यांवर पट्टी, संगीत, आणि तासन्‌तास शेजारी बसलेली शिकवून तयार केलेली माणसं. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना हे औषध द्यायची परवानगी दिली. त्या शेजारी बसणाऱ्यांना तिथं रीतसर प्रशिक्षण आहे, आणि पगारही. आईला मी हे सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "बांगड्या बांधत्यात का?"

तेर आमच्याकडून फार लांब नाही. संत गोरोबाकाकांचं तेर. गोरोबांची गोष्ट कुणाला सांगायची गरज नाही. चिखल तुडवता तुडवता विठ्ठलात असे बुडाले की रांगत आलेलं स्वतःचं लेकरू पायाखाली आलं तरी कळलं नाही. कीर्तनात ही गोष्ट तल्लीनतेची परमावधी म्हणून सांगतात, बुवा टाळ्या वाजवून थांबतात, आणि समोरच्या बायका डोळे पुसतात. आमच्या आईनं ती आम्हाला नेहमी संतीच्या बाजूनं सांगितली. संती पाण्याला गेलेली. जाताना नवऱ्याला सांगून गेली, लेकराकडं बघा. घागर घेऊन परत येते तर चिखल लाल. आई तिथं थांबायची आणि म्हणायची, "देवाचं नाव घ्यायला कोण नको म्हणतंय? पण घरात एकानं तरी शुद्धीवर ऱ्हावं का न्हाई?" पुढं पंढरपुरात कीर्तनात लेकरू परत मिळतं, गोरोबांचे हात फुटतात, ते सगळं ती भराभर उरकायची. तिला त्यात रस नसायचा. मला आता वाटतं, ती गोष्ट इतकी वर्षं टिकली ती त्या चमत्कारामुळं टिकली असेलही, पण तिच्यात संती आहे म्हणून ती खरी वाटते.

आणि हे फक्त अडाणी लोकांचं, असं कुणी समजू नये. कुंडलिनी जागी होताना देहाचं काय काय होतं याचं वर्णन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे. ज्ञानोबांचं आपेगाव आमच्या मराठवाड्यातलंच, पैठणजवळचं. ते वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात सुखाआधी होरपळ आहे. १९३७ मध्ये गोपी कृष्ण नावाच्या काश्मिरी सरकारी कारकुनाला ध्यान करताना तसं काही झालं. सुरुवातीचा उजेड ओसरला आणि मग अंगात आग, झोप गेली, अन्न जाईना, वेड लागतंय की काय ही धास्ती. हे ओळखून सांभाळून नेणारा माणूस शोधत ते फिरले आणि त्यांना तो मिळाला नाही. अशा लोकांना निदान वेडाच्या रकान्यात टाकू नये म्हणून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९४ साली आपल्या यादीत 'धार्मिक किंवा आध्यात्मिक अडचण' असा वेगळा उल्लेख घातला. रकाना झाला, चांगलं झालं. शेजारी कोण बसणार हे रकान्यात येत नाही.

आता त्या मावशींच्या घरातल्यासारखीच एक गोष्ट आमच्या भावकीतली.

पोरगा पुण्याला कामाला होता. दिवाळीला आला तो परत गेला नाही. रात्री झोपायचा नाही, माळवदावर येरझाऱ्या घालायचा, भाकरी हुंगून ठेवून द्यायचा. टीव्हीत माझ्याबद्दल बोलायलेत म्हणून टीव्हीवर चादर टाकली. घरात ठरलं की बाहेरचं आहे. त्याला येरमाळ्याला नेलं, तुळजापूरला नेलं, मग लांबच्या एका दर्ग्यावर गुरुवारच्या हाजिऱ्या सुरू झाल्या. मधे एका देवऋष्यानं मिरचीची धुरी दिली, त्यानं डोळे आठवडाभर सुजले होते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा धुरीला आणि बांधून मारहाणीला थेट गुन्हा म्हणतो. पण तक्रार कोण देणार, पोराला घेऊन आईबापच गेलेले. यात दोन-अडीच वर्षं गेली. माझी आई पहिल्याच आठवड्यात त्याला बघून आली होती आणि येतानाच म्हणाली होती, "हे वारं न्हाई. वाऱ्याला घर कळतंय. वारं गेलं की माणूस पाणी मागतंय, काय बोललो इचारतंय. ह्याला आईच्या हातची भाकर कळंना झालीय. दवाखान्यात न्या." तिचं कुणी ऐकलं नाही. काकूचं ऐकलं असतं, काकूच्या तोंडून देवी बोलायची. पदर धरणारीला काय कळतं?

तिला जे कळत होतं ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत, जवळपास तसंच छापलं आहे. अंगात येणं हे आजार म्हणून तेव्हाच धरायचं, जेव्हा ते माणसाला नको असताना येतं, त्याच्या समाजात मान्य असलेल्या धार्मिक रीतीचा भाग नसतं, आणि त्यानं त्याचा त्रास होतो किंवा जगणं अडतं. काकूचं येणं या व्याख्येत आजार ठरत नाही. पोराचं दुखणं तर अंगात येण्याच्या खात्यातच नव्हतं, तो वेगळा आजार होता आणि त्याला गोळी होती. शेवटी कुणीतरी लातूरला नेलं. गोळ्या सुरू झाल्यावर महिनाभरात तो जेवायला लागला. वजन वाढलं, दिवसा पेंग यायची, हाताला कंप सुटला तेव्हा डॉक्टरांनी गोळी बदलली. आता तो शेळ्या बघतो, कमी बोलतो. घरचे म्हणतात दर्ग्याचा गुण उशिरा आला. मी वाद घालत नाही. गोळी दर महिन्याला माझ्याकडून जाते, एकही महिना चुकत नाही, मला तेवढं पुरे आहे.

पण मंदिर-दर्ग्यात काहीच नसतं, असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तमिळनाडूतल्या एका छोट्या देवळात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी केली होती. २००२ मध्ये ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. बहुतेकांना तीव्र स्वरूपाचे आजार, मुक्काम सरासरी सहा आठवडे. आजाराच्या मोजपट्टीवर लक्षणं जवळपास २० टक्क्यांनी उतरली होती. नव्या औषधांनी साधारण तेवढाच फरक पडतो, असं त्यांनीच नोंदवलं. देवळात भूत काढणं नाही, मारहाण नाही. सकाळी साधी पूजा, झाडलोट, झाडांना पाणी, आणि प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस मुक्कामाला. त्याच तमिळनाडूत एरवाडीला, ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ जण जळून मेले. श्रद्धा दोन्हीकडं होती, आणि आजारही साधारण तेच. एरवाडीच्या त्या झोपडीत रात्री साखळी सोडायला घरचं कुणी नव्हतं.

डॉक्टरांनाही हे नवीन नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना पेशंटबरोबर राहायला लावलं. पेशंट लवकर बरे होऊन घरी जायला लागले. वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं मानसिक आरोग्य केंद्र १९५७ पासून घरच्या माणसाला बरोबर ठेवूनच उपचार करत आलंय. परदेशातले लोक हे बघायला येतात म्हणे. आपण आपल्या बायकांना विचारलं असतं तरी चाललं असतं, कारण मराठवाड्यात दुसरी सोय होतीच कुठं? राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. धाराशिवचा पेशंट तिथं पोचेपर्यंत एसटीतच त्याची निम्मी ताकद जाते, आणि उरलेली सोबत आलेल्याची.

अंनिसमध्ये काम करणारा माझा एक मित्र आहे. त्याचं म्हणणं, मी अंगाऱ्याला फार सवलत देतो. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्याच्या आवारात २००८ पासून मानसोपचाराचा दवाखाना चालतो, दवा आणि दुवा एकाच ठिकाणी, मुजावरच पेशंटला डॉक्टरकडं धाडतात, हे मी त्याला सांगितलं. येरमाळ्याच्या यात्रेत असं एक टेबल टाकता आलं तर? तो म्हणाला, "म्हणजे देवऋष्याला सरकारी शिक्का." त्याची भीती खोटी नाही. धुरीनं सुजलेले डोळे मी बघितलेत. पण अंगारा सोडल्याशिवाय गोळी देणार नाही असं मी म्हणालो, तर मावशी अंगारा ठेवतील आणि गोळी सोडतील, हेही मला काउंटरवरून दिसतं. आमचा वाद अजून चालू आहे. चहाचे पैसे तोच देतो.

काकू करोनाच्या आदल्या वर्षी गेली. तिच्यामागं परडी कुणी घ्यायची यावर भावकीत बरीच कुजबुज झाली. शेवटी घेतली तिच्या सुनेनं, आमच्या वहिनीनं. वहिनी आशा कार्यकर्ती आहे. तिच्या अंगात येत नाही, आणि यायची तिची इच्छाही नाही, हे तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. शुक्रवारी पाच घरं जोगवा मागते, कपाळाला हळद, खांद्याला सरकारी पिशवी. जोगव्याच्या पिठाबरोबर कुणाचं बाळ किती किलोचं झालं, कुणी बीपीची गोळी बंद केली, हेही गोळा होतं. तिच्याकडं तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरायचा फॉर्म असतो. साखर, बीपी, तंबाखू, आणि शेवटाकडं मनाबद्दल दोन प्रश्न. मागच्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? उदास वाटलं, असं किती दिवस? मुळीच नाही तर शून्य, जवळजवळ रोज तर तीन. बायका हसतात म्हणे. एकीनं सांगितलं, रोजच लिहा आणि पुढं चला.

त्या झोपेच्या गोळीच्या मावशी कुठल्या गावच्या ते मला चिठ्ठीवरून ठाऊक होतं. तिथल्या आशाताईचा नंबर वहिनीकडून घेऊन मी फोन केला. पुढं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. चिठ्ठी घेऊन आता मावशींचे मालक येतात आणि ते काही बोलत नाहीत.

मधे एका रविवारी वहिनीनं आईचाही फॉर्म भरला. आई खाटेवर शेंगा फोडत बसली होती. दोन्ही प्रश्न तिनं नीट ऐकून घेतले, पुन्हा एकदा वाचायला लावले.

"हे आत्ताचं इचारायलीस का तवाचं?"

"मागच्या पंधरा दिवसांचं, आत्या."

"मग न्हाई. मला काय झालंय आता?" आई म्हणाली. "तवाचं लिहायला जागा हाय का त्यात?"

वहिनीनं कागद उलटून मागं बघितलं. नव्हती. तिनं दोन्हीपुढं शून्य लिहिलं, बीपी घेतलं, ते एकशे साठ निघालं, आणि ती आईवर ओरडली की गोळी का बंद केलीस. मेडिकलवाल्याच्या घरात ही गत.